पत्र्याच्या पलीकडचे धोके: मुलांसाठीच्या बांधकाम सुरक्षा कार्यशाळेचा अनुभव

कोथरूडमधील आमच्या सोसायटीला लागून असलेली जुनी तीन मजली इमारत गेल्या उन्हाळ्यात पाडली आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिथे पुनर्विकासाची खोदाई सुरू झाली. मुले जिथे रोज खेळतात त्या मोकळ्या जागेच्या एका बाजूला आमची कंपाउंडची भिंत जुन्या इमारतीबरोबर अर्धीअधिक गेली होती; तिथे आता हिरवी जाळी आणि पत्रे आले. दोन पत्र्यांच्या मध्ये वीतभर फट राहिली होती. एका संध्याकाळी माझा पाच वर्षांचा नातू त्या फटीतून एक खांदा आत घालून उभा असलेला मला दिसला. मी हाक मारली तेव्हा मागे वळून तो म्हणाला, "आजोबा, आमचा बॉल दिसतोय, अगदी जवळ आहे." चेंडू खरोखरच जवळ होता. फटीपासून चार पावलांवर तो पडला होता आणि त्याच्यापुढे दोन पावलांवर खड्ड्याची कड होती.

साइट इंजिनीअर म्हणून मी एकतीस वर्षे बांधकामांवर काढली आहेत. नव्या खोदाईची कड वरून घट्ट दिसली तरी खालून सुटत आलेली असू शकते आणि पावसानंतर ती काही कळायच्या आत बसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तरीही त्या वेळी माझ्या तोंडून निघाले ते एवढेच, की तिकडे जायचे नाही, तिकडे बुवा आहे. आठ दिवसांनी नातू पुन्हा त्याच फटीपाशी सापडला. बुवा कुठे दिसतो का, हे पाहायला तो गेला होता. मी त्याला घाबरवले होते. चेंडूच्या पुढे जमीन संपते ही गोष्ट मात्र सांगितलीच नव्हती. हा प्रसंग मी सोसायटीच्या बैठकीत सांगितला आणि त्यातून ही कार्यशाळा ठरली.

कार्यशाळा घेणाऱ्या गटाचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्यांची जाहिरात करावी किंवा त्यांना नावे ठेवावीत असा माझा हेतू नाही. असे काही आपल्या सोसायटीत किंवा शाळेत घ्यायचे झाल्यास त्यात काय असावे आणि काय नसावे, हे पालकांना ठरवता यावे एवढ्यासाठी हे लिहीत आहे. गट दोघींचा आहे. एकींनी बालवाडीत बरीच वर्षे शिकवले आहे आणि दुसऱ्या सिव्हिल इंजिनीअर आहेत. शुल्क प्रत्येक मुलामागे तीनशे रुपये आणि किमान वीस मुले, अशी त्यांची अट होती. आमच्याकडची चार ते दहा वयाची सव्वीस मुले सप्टेंबरअखेरच्या एका रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये सतरंजीवर बसली आणि बारा वाजून गेले तरी उठायला तयार नव्हती.

मला त्यांची सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र आदल्या दिवशीच घडून गेली होती. इंजिनीअर ताई शनिवारी दुपारी स्वतः आल्या आणि व्यवस्थापन समितीच्या दोघांना बरोबर घेऊन त्यांनी संपूर्ण आवाराला फेरी मारली. पत्र्यातल्या तीन फटी, मुलाला सहज पाय देता येईल अशा रीतीने कुंपणाला टेकवून ठेवलेला फळ्यांचा ढीग आणि साइटवरून आमच्या बाजूला आलेले सळयांचे तुकडे हे सगळे त्यांनी कागदावर लिहून दिले. "हे आधी बंद करून घ्या, उद्या मी मुलांना सांगेन ते त्याच्यानंतरचं आहे," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सचिवांनी तो कागद त्याच संध्याकाळी साइटच्या सुपरवायझरला दिला. रविवारी सकाळी पत्र्यावर पत्रा चढवून फटी बुजवलेल्या होत्या. पाच वर्षांच्या मुलाच्या शहाणपणावर कुंपणाचे काम सोपवता येत नाही, हे ज्यांना कळते त्यांच्याकडे मूल सोपवायला मला संकोच वाटत नाही.

रविवारी सुरुवातीला त्यांनी कोणतेही चित्र दाखवले नाही की नियम सांगितला नाही. पत्र्याच्या पलीकडे काय काय चालले आहे, एवढेच विचारले. मुलांनी जे सांगितले ते ऐकून मोठी माणसे चकित झाली. पोकलेन सकाळी किती वाजता येते, डंपर कुठल्या फाटकाने मागे जातो, वॉचमनकाका कधी जेवायला बसतात, सळया कापताना ठिणग्या कशा उडतात, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. मूल साइटकडे ओढले जाते यात त्याचा हट्टीपणा नसतो. माती, पाणी, फळ्या, चढायला ढीग आणि लपायला कोनाडे हे सगळे एकाच ठिकाणी आमच्या फरशी घातलेल्या आवारात कुठेही नाही, ते फक्त तिथे आहे. डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांनी हीच ओढ ओळखली होती. मुले सजवलेल्या बागेपेक्षा मोडक्यातोडक्या सामानात अधिक रमतात हे पाहून त्यांच्या कल्पनेतून १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात अशा सामानाचे खास क्रीडांगण उभे राहिले. ताईंनी हे नाव घेतले नाही, परंतु त्यांच्या बोलण्यात ही समज होती. साइट वाईट आहे असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. तिथे मोठे, अवघड आणि चांगले काम चालते आणि ते करणाऱ्यालाही ते शिकावे लागते, असे त्यांनी सांगितले.

पहिला प्रयोग माठाचा होता. जिन्याजवळची जागा दोरी लावून बंद केली, मुलांना पुरेशा अंतरावर बसवले आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून इंजिनीअर ताईंनी मुठीत मावेल एवढा लोखंडी नट खाली ठेवलेल्या माठावर सोडला. माठाची खापरे झाली आणि सव्वीस मुले एकदम गप्प झाली. दुसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत त्या नटाचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास जातो. दहाव्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे तीस मीटरवरून, साधारण तीन किलोची वीट निसटली तर ती अडीच सेकंदांत जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी पंच्याऐंशी किलोमीटरच्या पुढे असतो. आकडे मोठ्या मुलांसाठी होते. लहानांना एवढेच सांगितले, की वरून "अरे बाजूला व्हा" असे कोणी ओरडले तर ते ऐकून मान वर करेपर्यंत वस्तू खाली आलेली असते. म्हणून परांचीखालून आणि जाळीखालून मुळात जायचेच नाही. वर पाहत पाहत जाणे हा त्यावरचा उपाय नव्हे. माझ्या आठ वर्षांच्या नातीने नंतर मला विचारले, "मग ते काम करणारे काका खाली कसे उभे राहतात?" ते डोक्यावर हेल्मेट घालून आणि वरच्या माणसाला विचारून उभे राहतात, असे मी सांगितले, आणि ते सांगताना मला आठवत होते की प्रत्येक साइटवर तसे घडताना मी पाहिलेले नाही.

वाळूचा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण वाळूच्या ढिगाला कोणीच धोका मानत नाही. पुण्यात रस्त्याकडेला क्रश सँडचा, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूचा, ढीग पडला की संध्याकाळी त्यावर मुले घसरगुंडी खेळतात आणि आईवडील कौतुकाने पाहत उभे राहतात. ताईंनी मोठ्या घमेल्यात कोरडी वाळू ओतली, तिचा डोंगर केला आणि एका मुलीला चमच्याने त्याच्या पायथ्याशी बोगदा खणायला सांगितले. चौथ्या चमच्याला वरची वाळू सरकली आणि चमचा धरलेला हात मनगटापर्यंत गाडला गेला. कोरडी वाळू साधारण तीस ते पस्तीस अंशांच्या उतारावर थांबते. पायथा काढला की वरचा भाग तो उतार पुन्हा मिळेपर्यंत खाली येत राहतो. ओली वाळू उभी राहते, त्यामुळे तिच्यात बोगदा खणता येतो, आणि म्हणूनच ती अधिक फसवी आहे. ऊन लागून सुकली किंवा वर कोणी चढले की ती एकदम बसते. नंतर त्यांनी एक कापडी बाहुली कमरेपर्यंत वाळूत पुरली, तिच्या खांद्याला दोरी बांधली आणि लहान मुलांना ओढायला लावले. बाहुली निघाली नाही. वाळू ब्रासवर मोजली जाते हे बांधकामाशी संबंध आलेल्या प्रत्येकाला माहीत असते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट आणि तेवढ्या वाळूचे वजन साधारण साडेचार टन भरते. छातीवर त्यातला थोडासा भाग आला, तरी डोके बाहेर असूनही श्वास घेता येत नाही. हे शेवटचे वाक्य ताईंनी मुलांना सांगितले नाही, आम्हा पालकांना बाजूला घेऊन सांगितले. कोणती माहिती कोणाला द्यायची, याचा हा विवेक मला मोलाचा वाटला.

सिमेंटविषयी शिकवताना त्यांनी घेतलेला आधार तर प्रत्येक मराठी घरात असतो. काचेच्या दोन पेल्यांत हळदीचे पाणी घेतले. एकात साधे पाणी घातले, दुसऱ्यात सिमेंट कालवून निवळलेले पाणी चमचाभर घातले. पिवळे पाणी क्षणात लालभडक झाले. हळदीला चुना लावून कुंकू कसे होते, हे सतरंजीच्या कडेला बसलेल्या आज्यांनी लगेच ओळखले आणि एका आजींनी मुलांना ते समजावूनही सांगितले. चुन्यासारखाच दाहक गुण ओल्या सिमेंटमध्ये असतो. त्याचा चटका विस्तवासारखा लगेच लागत नाही. कातडी आधी मऊ पडते आणि वेदना पुष्कळदा काही तासांनी सुरू होते, तोपर्यंत मूल त्यातच खेळत राहते. हात-पाय माखले तर कपडे उतरवून भरपूर वाहत्या पाण्याने धुवायचे, डोळ्यांत गेले तर न चोळता निदान वीस मिनिटे पाणी सोडत राहायचे आणि लगेच डॉक्टरांकडे जायचे, हे पालकांना सांगितले. ओल्या काँक्रीटवर हाताचा ठसा उमटवायचा मोह मुलांनाच होतो असे नाही. माझ्या पाहण्यातल्या बंगल्यांच्या ओट्यांवर घरधन्यांनी आपल्या बाळांच्या पावलांचे ठसे हौसेने उमटवून घेतलेले आहेत.

पाण्याविषयीचा भाग त्यांनी थोडक्यात आटोपला आणि तिथे मला अधिक अपेक्षा होती. अपारदर्शक बादलीत गढूळ पाणी भरून खोली ओळखायला सांगितली. कोणी बोटभर म्हणाले, कोणी ढोपरभर, आणि काठी घातल्यावर ती कोपरापर्यंत बुडाली. प्रयोग चांगला होता. परंतु साइटवर पाणी किती ठिकाणी असते याची ओळख करून द्यायला हवी होती. स्लॅब टाकल्यावर सात ते दहा दिवस त्यावर वाफे करून पाणी भरलेले असते, लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठते, पायाच्या खड्ड्यात झरे लागतात आणि जमिनीखालच्या टाकीवर झाकण म्हणून नुसती प्लायची फळी टाकलेली असते. १९९० च्या दशकात मी ज्या एका लहान कामावर होतो तिथे एका बिगारी बाईची चार वर्षांची मुलगी अशाच फळीवरून चालत गेली आणि फळी उलटली. जवळच सळई बांधणाऱ्या फिटरने तिला केसांना धरून वर काढले म्हणून ती वाचली. ती फळी तिथे कोणी टाकली, हे नंतर कोणी विचारले नाही, आणि त्यात मीही होतो. जमिनीवर पडलेली फळी ही झाकण असू शकते, तिच्यावर पाय देऊ नये, हे एक वाक्य प्रत्येक मुलाला शिकवले पाहिजे. ते या कार्यशाळेत नव्हते. मी सुचवल्यावर इंजिनीअर ताईंनी ते लिहून घेतले.

यंत्रांचा भाग मात्र पुष्कळ विचारपूर्वक रचलेला होता. एका खुर्चीभोवती खोक्यांचे पुठ्ठे लावून त्यांनी ड्रायव्हरची केबिन केली होती. पुढे मोठी काच, बाजूला लहान खिडक्या, मागे काहीच नाही. एका मुलाला आत बसवून आणखी दहा मुले चारही बाजूंना उभी केली आणि किती जण दिसतात ते मोजायला सांगितले. दहा मुलांपैकी त्याला चारच दिसली. मागे उकिडवे बसलेले माझे धाकटे महाशय अर्थातच दिसले नाहीत, आणि स्वतः केबिनमध्ये बसल्यावर त्याला मागे बसलेली त्याची ताई दिसली नाही तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आपण यंत्राला पाहतो म्हणजे यंत्राचा माणूसही आपल्याला पाहतो, असे लहान मूल गृहीत धरते. हे गृहीत मोडायला यापेक्षा सोपा मार्ग मला सुचत नाही. पोकलेन जागेवर उभे राहून गर्रकन फिरते तेव्हा पुढचे बकेट एका बाजूला जाते आणि मागचे वजनदार पोट दुसऱ्या बाजूला येते, हे त्यांनी एका मुलाच्या पाठीवर दप्तर अडकवून आणि त्याला फिरायला लावून दाखवले. डंपर मागे येताना वाजणाऱ्या आवाजाचा अर्थ काय, मिक्सरचा ट्रक वळताना मागचे चाक पुढच्यापेक्षा आत का येते, हेही झाले. त्रिकोणी पिवळी पाटी, लाल गोल आणि निळा गोल यांचे अर्थ त्यांनी पाच मिनिटांत सांगितले आणि तेवढे पुरेसे होते, कारण आमच्या शेजारच्या साइटवरच्या बहुतेक पाट्या इंग्रजीत आहेत आणि त्या चिकटवलेल्या आहेत मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

शेवटी चेंडूचा प्रश्न निघाला. तो त्यांनी मुलांनाच सोडवायला दिला, हे योग्य झाले. एक मूल वॉचमनकाका झाले, एक चेंडू हरवलेले आणि एक "चल, पटकन जाऊन येऊ" म्हणणारा मित्र. त्या मित्राला काय उत्तर द्यायचे, याचा सराव तीनदा करून घेतला. "बॉल गेला तर गेला, माणूस जाऊन आणतो, मूल जात नाही," हे वाक्य मुलांनीच तयार केले आहे आणि आजही ते आवारात ऐकू येते. समितीने त्या दिवसापासून जिन्याखाली एका पेटीत सहा जादा चेंडू ठेवले आहेत. गेलेला चेंडू वॉचमनकाका संध्याकाळी काम थांबल्यावर परत देतात. सहा चेंडूंची किंमत पाहता, याहून स्वस्त सुरक्षा व्यवस्था मी माझ्या नोकरीच्या काळात पाहिली नाही.

आता ज्या गोष्टी मला खटकल्या त्या सांगतो. कार्यशाळेच्या शेवटी प्रत्येक मुलाला पिवळे प्लॅस्टिकचे हेल्मेट भेट मिळाले. मुले हरखली, फोटो निघाले. माझ्या मते ही भेट त्यांनी ताबडतोब बंद करावी. साइटवर वापरायच्या हेल्मेटसाठी आयएस २९२५ हे भारतीय मानक आहे. खेळण्यातली टोपी त्याच्या जवळपासही येत नाही. त्याहून महत्त्वाचे असे, की हेल्मेट हातात दिल्याबरोबर मुलाला वाटते की आता आपल्याला आत जाता येईल. दोन तास "आत जायचे नाही" शिकवून शेवटी आत जाण्याचा पोशाख हाती देणे हे आपल्याच शिकवण्याला छेद देणे आहे. माझी शंका अनाठायी नव्हती. दुसऱ्याच दिवशी दोन मुले हेल्मेट घालून फाटकाशी उभी राहिली आणि वॉचमनकाकांना म्हणाली, "आता सोडा, आमच्याकडे टोपी आहे." रंगवायच्या पुस्तिकेत पोकलेनला डोळे, नाक आणि हसरे तोंड काढलेले आहे, तीही चूक याच जातीची. ज्या यंत्राला मागचे दिसत नाही असे केबिनच्या खेळातून शिकवले, त्यालाच कागदावर डोळे द्यायचे कशाला?

चार वर्षांची आणि दहा वर्षांची मुले एकत्र बसवणेही गैरसोयीचे झाले. वेगाचे गणित चालू असताना लहान मुले कंटाळली आणि बाहुलीच्या वेळी मोठी मुले हसू लागली. वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही, तो वयाबरोबर हळूहळू येतो; त्यामुळे सात वर्षांखाली आणि सातच्या वर असे दोन गट केलेच पाहिजेत. गटाने पुढच्या वेळी तसे करण्याचे मान्य केले आहे.

याहून मोठी उणीव अशी, की सगळी कार्यशाळा पत्रा हीच धोक्याची हद्द मानून रचलेली होती. पत्र्याच्या पलीकडे धोका आणि अलीकडे सुरक्षितता, असे चित्र मुलांच्या मनात ठसले. प्रत्यक्षात शेजारी खोल खड्डा खणला गेला की आपल्या बाजूची उरलेली कंपाउंडची भिंत, तिच्यालगतचे पार्किंग आणि तिथली झाडे हीदेखील त्या खड्ड्याची कड होतात. पुणेकरांना हे वेगळे सांगावे लागू नये. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर कोंढव्यात मुसळधार पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि पंधरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत चार मुले होती. तीनच दिवसांनी आंबेगाव भागात आणखी एक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि सहा जण गेले. पावसाने माती भिजली की तिचे वजन वाढते, भिंतीमागे पाणी तुंबून ते भिंतीला रेटते आणि पायथ्याची माती शेजारच्या खोदाईने आधीच मोकळी झालेली असेल तर भिंतीला धरून ठेवायला काही उरत नाही. मुलांना हे सारे कळायची गरज नाही. पाऊस पडून गेल्यावर खड्ड्यालगतच्या भिंतीजवळ खेळायचे नाही, भिंतीला नवी भेग दिसली, ती फुगल्यासारखी वाटली किंवा फरशी खचली तर लगेच मोठ्यांना सांगायचे, एवढे सहा वर्षांचे मूलही करू शकते. उलट मुलांची नजर जमिनीच्या जवळ असते, त्यामुळे भेग त्यांनाच आधी दिसते. हे मी सत्र संपल्यावर मांडले. इंजिनीअर ताईंनी ते मनावर घेतले आणि जाण्यापूर्वी मुलांना परत एकत्र करून भिंतीवर खडूने तीन रेघा ओढून दिल्या; भेग या रेघांच्या पुढे गेली तर सांगायचे. रेघा पाहण्याचे काम आता मुलांमध्ये पाळीपाळीने चालते.

आणि कोंढव्याच्या उल्लेखाबरोबर जी गोष्ट मनात येते तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. पत्र्याच्या आतही मुले आहेत. आमच्या शेजारच्या कामावर सहा-सात मुले राहतात. आमची मुले फटीतून त्यांच्याकडेच पाहत असत. त्यांना "साइटवर जाऊ नका" असे सांगण्यात अर्थ नाही, कारण साइट हेच त्यांचे घर आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात, पन्नासहून अधिक महिला कामगार असलेल्या कामावर त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोलीची तरतूद केली होती. पुनर्विकासाच्या अशा लहान कामावर दहा-बारा बाया असतात, तिथे हा आकडा कधी भरतच नाही आणि तान्हे मूल परांचीला बांधलेल्या झोळीत राहते. या मुलांसाठी काम करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत मोबाइल क्रेशेस ही पाळणाघरे सुरू केली ती बांधकामावरच्या बाळांना पाहूनच, आणि १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूल या संस्थेने पुढे पुण्यातही बांधकामांवरच्या मुलांसाठी वर्ग चालवले आहेत. मी ताईंना विचारले, की पलीकडच्या मुलांसाठी असेच सत्र घ्याल का. शुल्क सोसायटी देईल, असे समितीने तिथेच मान्य केले.

ते सत्र पंधरा दिवसांनी, रविवारच्याच सुट्टीत, सुपरवायझरच्या परवानगीने त्यांच्या खोल्यांपुढच्या मोकळ्या जागेत हिंदीत झाले. मी मागे बसून ते पाहिले. तिथे रचना पूर्ण बदलावी लागली. खिळे काढलेल्या फळ्या कुठल्या आणि न काढलेल्या कुठल्या, सिमेंटची गोणी फुटली तर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे त्या मुलांना आमच्या मुलांपेक्षा अधिक ठाऊक होते. उणीव होती ती जागेची. बसायला सुरक्षित कोपराच नव्हता. ताईंनी सुपरवायझरशी बोलून, यंत्रांच्या वाटेपासून लांब, क्रेनच्या फेऱ्याबाहेर, चारही बाजूंनी जाळी लावलेला दहा बाय बारा फुटांचा एक कोपरा चुन्याने आखून घेतला आणि तिथे सावलीसाठी ताडपत्री बांधून घेतली. "इसके अंदर कोई गाड़ी नहीं आएगी, और तुम लोग काम के टाइम इसके बाहर नहीं आओगे," असे सुपरवायझरने मुलांसमोर सांगितले. त्या सत्राला मी पूर्ण गुण देतो. पहिल्या सत्राला पाचपैकी चार.

पुण्यातल्या कोणत्याही गटाने असे काही घ्यायचे ठरवल्यास दिवाळीच्या किल्ल्याचा विषय त्यात घातलाच पाहिजे. आमच्या पिढीपासून आजपर्यंत किल्ल्यासाठी माती, विटांचे तुकडे आणि वाळू आणायला मुले जवळच्या साइटवरच जात आली आहेत. मोठी माणसेच त्यांना पिशवी देऊन पाठवतात. वर्षातले हे एक निमित्त असे आहे, की मुलांना साइटवर जायला घरातून परवानगी मिळते. या वर्षी आम्ही किल्ल्याची लाल माती रोपवाटिकेतून गोण्यांनी मागवली आणि अर्ध्या विटा सुपरवायझरने फाटकाबाहेर आणून दिल्या. पलीकडची मुलेही किल्ला करायला आली होती. बुरूज त्यांनी बांधला. माझ्या नातवाला थापी धरायचे त्यांनीच शिकवले.

ज्यांना ही किंवा अशीच कार्यशाळा घ्यायची असेल त्यांनी नोंदणी करताना शेजारचे काम कोणत्या टप्प्यात आहे ते जरूर सांगावे. खोदाई चालू असेल तर कड, भिंत आणि पाणी यांवर भर हवा. स्लॅबचे काम चालू असेल तर वरून पडणाऱ्या वस्तू आणि सळया. प्लास्टर आणि रंगकाम असेल तर परांची, सिमेंट आणि रसायने. आमच्याकडे आता पायाचे काम संपून तळघराचे स्लॅब सुरू झाले आहेत, म्हणून जानेवारीत दुसरे सत्र ठरवले आहे. हेल्मेटऐवजी मुलांना शिट्ट्या द्याव्यात, अशी विनंती मी गटाला केली आहे. खडूच्या रेघा भिंतीवर अजून आहेत. नातवाची पाळी मंगळवारी असते.